दोन मीटर पूर्वेकडे

धाकटीच्या हाताला एक खोड होती, आणि ती लावली होती कचेरीनंच. रस्तारुंदीचे नकाशे काढायचं तिथलं जुनं सॉफ्टवेअर भलतं तिरपागडं. रेघ मारली रे मारली, की ती दोन मीटर पश्चिमेला सरकून बसायची. का, ते देव जाणे. म्हणून प्रत्येक रेघ उचलून दोन मीटर पूर्वेला ढकलायची, असा तिथला शिरस्ताच पडला होता.

मग नवी आवृत्ती आली. शिकवायला आलेल्या बाईंनी बजावलं, की आता रेघ आपसूक जागेवर बसते, हात लावू नका. त्या वेळी धाकटी ऐकत होती कुठे! बटणं कुठल्या कुठे गेली म्हणून ती शेजारणीपाशी कुरकुरत होती. पुढे डोळे फोडून ती सगळं नवं शिकली, पण जुनं विसरायचं राहून गेलं. जित्याची खोड, दुसरं काय. एका गल्लीची रेघ तिनं मारली आणि सवयीनं पूर्वेला ढकलली.

त्याच गल्लीत, पूर्वेच्या अंगाला, तिच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. पुढची शिवणाची खोली रेघेत आली. आई गेल्यावर त्याच खोलीत मशिन चालवून ताईनं धाकटीला शिकवलं होतं.

नोटीस आली तशी ताई तिच्याकडे आली. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "एकदा परत बघशील का गं?"

"घरचं माणूस म्हणून मी रेघ हलवायची नाही, ताई. ती बरोबरच आहे."

नाकानं कांदे सोलले अगदी! नुसता नकाशा उघडून बघायला काय लागत होतं? पण आपण बहिणीलाही झुकतं माप दिलं नाही, याचाच तिला मोठा अभिमान.

गल्लीतले बाकीचे लोक गप्प बसणारे नव्हते. त्यांनी हरकती घेतल्या. मोजणीवाले फीत घेऊन गेले, तर नकाशाशी मेळ बसेना. साहेबांनी नकाशा उघडायला लावला आणि सवयीनं पूर्वेला ढकललेली रेघ धाकटीला लख्ख दिसली. साहेब फार बोलले नाहीत. रेघ मागे घ्या, एवढंच म्हणाले. गल्लीतल्या भिंती वाचल्या.

आता ताईचे पाय धरायचे, असं मनाशी घोकत ती तशीच धावत निघाली.

खोली नव्हती. सरकारी यंत्रानं येऊन धक्के देण्यापेक्षा आपणच नीट उतरवलेली बरी, म्हणून ताईनं मजूर लावून ती आदल्याच दिवशी पाडली होती. मशिन स्वयंपाकघरात चादरीखाली होतं. भावजी तोंड फिरवून बसले होते. हरकत घे, हरकत घे म्हणून ते बिचारे कानीकपाळी ओरडले होते.

धाकटीनं सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू आवरेना, आणि स्वतःचा इतका राग आला की तो उलटा ताईवरच निघाला.

"अख्ख्या गल्लीनं हरकत घेतली. तूच का नाही घेतलीस?"

ताई चांगल्या विटा निवडून बाजूला रचत होती. तिनं हातातली वीट खाली ठेवली.

"त्यांची कुणाची बहीण नव्हती ना तिथे."