सात तासांची शून्ये

“संग्रहाची डिस्क अकस्मात निकामी झाल्यामुळे कोशविभागाची सर्व ध्वनिमुद्रणे नष्ट झाली. माहिती परत मिळवण्याचे सर्व संभाव्य उपाय करण्यात आले. या घटनेत कोणाही व्यक्तीचा दोष समितीस आढळत नाही.”

ग्रंथालयाच्या चौकशी समितीचा हा अहवाल. वाक्ये तीन, सह्याही तीन. पहिली सही संगणक विभागाच्या प्रमुखाची, म्हणजे कोशबाईंच्या सख्ख्या थोरल्या भावाची. ज्याच्या ताब्यातली वस्तू गेली, त्यालाच ती कशी गेली हे शोधायला बसवण्याची पद्धत कोशबाईंनी जुन्या दरबारांच्या कागदपत्रांत पुष्कळ वाचली होती. तिथे निदान असल्या अहवालांची भाषा तरी बरी असे.

ग्रंथालयात त्यांना सगळे कोशबाईच म्हणत. समुद्राकाठी जाळी विणणाऱ्या लोकांची एक बोली होती. ती बोलणाऱ्या चार म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडून कोशबाईंनी अकरा वर्षांत चारशे बारा तासांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. आता त्यांपैकी तिघी वारल्या होत्या. चौथीला ऐकू येत नव्हते, आणि ती बोले ते तिच्या सुनेलाही कळत नसे. त्या बोलीचा कोश छापायला अजून दोन वर्षे होती. नोंदी अर्ध्याच उतरल्या होत्या. बाकी सारे त्या आवाजांत होते.

हे आवाज पूर्वी कोशबाईंच्या कपाटात, सहा लहान डिस्कांत विखुरलेले असत. दादाला ते पाहवेना. “सहा ठिकाणी सहा तुकडे म्हणजे सहापट गोंधळ,” तो म्हणाला होता. परक्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचे नसेल तर ग्रंथालयाचाच क्लाउड उभारू, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या यंत्रावर, लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर. त्याने तो उभारलाही. एका मोठ्या नव्या डिस्कवर सगळा संग्रह नेला, कोशबाईंचा संगणक त्याला असा जोडून दिला की इकडे फाइल ठेवली की तिकडे जाते आणि तिकडची पुसली की इकडचीही पुसली जाते. मग त्या सहा डिस्का कोऱ्या करून त्याने इतर विभागांना वाटून टाकल्या. कोशबाईंनी हूं की चूं केले नाही. लहानपणी सायकलचा तोल सांभाळायला ज्याने मागून हात धरला, त्याला पावती मागायची नसते, अशी त्यांची समजूत होती.

संग्रह गेला तेव्हाही ती समजूत ढळली नव्हती. ढळली ती अहवालातल्या ‘अकस्मात’ या शब्दाने. हस्तलिखितांत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: नकलकार जिथे चुकतो तिथे नाही, तर जिथे चूक झाकतो तिथे त्याचे अक्षर अधिक वळणदार होते. यंत्र आणि डिस्क भंगारात निघाली तेव्हा कोशबाईंनी नियमाप्रमाणे अर्ज केला, सही दिली आणि दोन्ही घरी आणली. दादा हसला. “टीव्हीचा रिमोट जमत नाही तुला. याचं काय करणार, ओटा पुसायला ठेवणार?” कोशबाई म्हणाल्या, आठवण म्हणून. ते खोटेही नव्हते.

पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करून बंद यंत्राच्या पोटातले वाचायला त्यांना नऊ दिवस लागले. एका मृत लिपीला त्यांनी सात महिने दिले होते. त्या मानाने यंत्राची ही लिपी बरीच सरळ निघाली. तिला स्वर होते आणि ती लिहिणारा जिवंत होता.

आधी त्यांनी निकामी डिस्कला तिच्याच तपासणीला बसवले. चार तासांनी उत्तर आले: खराब जागा शून्य, दोष शून्य. डिस्क ठणठणीत होती. फक्त तिच्यावर काही नव्हते, अगदी पुसल्याच्या खुणाही नव्हत्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच अंक होता.

मग यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदी. सोमवारी सकाळी वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. सुरू होताना कोणत्या डिस्का जोडून घ्यायच्या याची जी यादी असते, तीत ही नवी डिस्क दादाने कधी लिहिलीच नव्हती. उभारणीच्या दिवशी त्याने ती हाताने जोडली आणि पुढे विसरला. त्यामुळे डिस्क न जोडलेलीच जागच्या जागी राहिली आणि संग्रहाच्या दारामागे नुसता रिकामा फोल्डर उघडा पडला. तरीही काही बिघडले नसते, कारण क्लाउडची ही प्रणाली तिच्या मालकाहून शहाणी होती. संग्रहात ओळखीची एक खुणेची फाइल असते. ती दिसली नाही तर प्रणाली कामच सुरू करत नाही, पडद्यावर लिहून टाकते की हा फोल्डर बरोबर नाही. तसे तिने लिहिलेही, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी. दहा वाजून नऊ मिनिटांनी दादाने त्या रिकाम्या फोल्डरात ती खुणेची फाइल स्वतःच्या हाताने बनवून ठेवली. पहारेकऱ्याने हटकले म्हणून पहारेकऱ्याचे डोळे बांधले. त्यानंतर त्याने संग्रहाची फेरमोजणी करवली. मोजणीत संग्रह रिकामा निघाला, आणि तिकडे पुसलेले इकडेही पुसण्याच्या कबुलीप्रमाणे कोशबाईंच्या संगणकावरून चारशे बारा तास अर्ध्या तासात निघून गेले. रोजचा बॅकअपही होता. तो त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरात ठेवला जाई. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावावे, तसे.

इथवर कोशबाईंना राग आला नाही. माणूस विसरतो, घाई करतो. शिवाय काखेत कळसा होताच: आवाज सगळे त्या बाजूला पडलेल्या डिस्कवर सुखरूप होते. कोणीतरी ती जोडून बघायचीच खोटी होती.

बुधवारी ती जोडलेली होती.

हाताखालचे लोक काय करतात यावर नजर राहावी म्हणून दादाने यंत्रावर टंकलेल्या प्रत्येक आज्ञेपुढे तारीख-वेळ उमटायची सोय केली होती. इतरांसाठी लावलेली ती नजर त्याच्या स्वतःच्या खात्यावरही होती, हे त्याच्या लक्षात आले नसावे. बुधवारी दहा वाजून एकतीस मिनिटांनी त्याने डिस्क जोडली. दहा तेहतीसला आतली यादी मागितली, मग एका फोल्डराची, मग दुसऱ्याची. सात मिनिटे काहीच नाही. दहा चाळीसला डिस्क सोडवली. दहा बेचाळीसला पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत शून्ये लिहिण्याची आज्ञा दिली. एवढ्या मोठ्या डिस्कवर ते काम सात तास चालते. संपल्याची नोंद सहाला अठरा मिनिटे कमी असताना.

कोशबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने मागे नेली. त्या बुधवारी दादा दुपारी एक वाजता त्यांच्याकडे जेवायला आला होता. त्या जेवत नव्हत्या, म्हणून त्याने स्वतः वाढून घेतले, त्यांनाही वाढले. “धीर सोडू नकोस, मी अजून प्रयत्न करतोय,” असे म्हणून पाठीवर हात ठेवला होता. त्या वेळी डिस्कचा एक तृतीयांशच भाग गेला असेल. बाकीचे आवाज अजून जिवंत होते. ताटावरून उठून, जिना उतरून ग्रंथालयात गेला असता तर अर्ध्याहून जास्त वाचले असते. त्याने दुसऱ्यांदा आमटी घेतली होती.

अहवालातले दुसरे वाक्य असे: माहिती परत मिळवण्याचे सर्व संभाव्य उपाय करण्यात आले.

कोशबाईंनी नोंदींचे चार कागद छापले आणि रविवारी सकाळी भावाच्या घरी गेल्या. वहिनींनी दार उघडले. “या वन्सं, आज वाट चुकलात वाटतं,” म्हणून त्यांनी पाणी आणले. दादा गॅलरीत कुंड्यांतली माती उकरत बसला होता. तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता, आणि ग्रंथालयाने त्याला पुढेही सल्लागार म्हणून ठेवण्याचे ठरवले होते, तेही या स्वतःच्या क्लाउडच्या यशाबद्दल. नेमणुकीचे पत्र फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलेले होते.

कोशबाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवले. त्याने चष्मा लावला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्यावर थांबला. यंत्र कोणी वाचून दिले, असे त्याने विचारले. मीच वाचले, असे त्या म्हणाल्या. वहिनी पेला हातात धरून उभ्याच होत्या. त्यांना काही कळत नव्हते, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून कळू लागले होते.

लांबलचक आरोपपत्र कोशबाईंनी वाटेत मनातल्या मनात रचले होते, आधार आणि टिपांसकट. त्यातले एकही वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

“दहा तेहतीस ते दहा चाळीस,” त्या म्हणाल्या. “ती सात मिनिटं तू काय करत होतास, दादा?”

त्याने बोटांची माती पुसली. वहिनींकडे पाहिले नाही. मग शांतपणे, जणू कोणी कुंडीबद्दल विचारले असावे तसा तो बोलला. कोशबाईंनी ते घरी येऊन शब्दशः उतरून ठेवले, काना-मात्रेचाही फरक न करता:

“ऐकत होतो. सगळं होतं गं, जागच्या जागी. एक फाइल उघडली, त्यात ती म्हातारी हसत होती आणि तू तिला काहीतरी परत म्हणायला सांगत होतीस. डिस्क खराब निघाली असती तर फार बरं झालं असतं. ती चांगली आहे म्हटल्यावर चूक माझीच ठरत होती. म्हटलं, तू काय, तू पुन्हा करशील. लहानपणापासून तू सगळं पुन्हा करतच आलीयेस.”