तो कोट कोणी बेतला

मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याची, चांगली वीतभर पात्यांची. मित्रांनो, जन्मभर कापायचंच काम केल्यामुळे गोडगोड बोलणं मला जमत नाही. तेव्हा कडू वाटलं तर गोड मानून घ्या.

लोहाराने मला ठोकून घडवलं आणि एका मास्तरांनी विकत घेतलं. त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता. शिलाई, काजं, बटणं कोणीही करी, पण कापड बेतायचं ते फक्त मास्तरांनी. आणि ज्या दिवशी मास्तरांचा पहिला काप वाकडा जाईल, त्याच दिवशी त्यांनी मला पुढच्याच्या हाती सोपवायचं. थोरल्या मास्तरांनी तसंच केलं. एका सदऱ्याची बाही बिघडली, तेव्हा मला मुलाच्या हातात ठेवून ते म्हणाले, "लहानपणी बघायचं, तरुणपणी शिकायचं, मग जीव ओतून काम करायचं. आणि हात थरथरला की सोडायचं. देव मूठ सैल करतो ती उगाच नाही." मग ते दुपारभर पायरीवर बसून राहिले. डोळे ओले होते, पण चेहरा शांत होता.

मुलगा हाताचा पक्का निघाला. दर सोमवारी माझ्या खिळ्यात तो तेलाचा थेंब सोडायचा. त्याची मुलगी त्याच्या टेबलापाशी उभी राहून बघत बघत मोठी झाली. जुन्या वर्तमानपत्रांवर ती इतकं सफाईनं बेतायची, की तिच्या हातात जायची मलाच घाई झाली होती. पण नवे मास्तर म्हणत, "थांब जरा. एवढी घाई कसली?" थांबता थांबता ती तिशीची झाली.

एका सकाळी गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड बेतताना मास्तरांचा हात थरथरला आणि मी खांद्यापाशी बोटभर आत घुसले. गिऱ्हाईक आलं ते तापलंच. आता मास्तर मला मुलीकडे देणार, असं मला वाटलं.

"पोरीनं हात घातला हो," मास्तर म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

मुलीनं मान खाली घातली. बापाची अब्रू जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली. त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

गोष्ट षट्कर्णी झाली. "बेतायचं तेवढं तुम्हीच बेता हं, मास्तर," असं जो तो बजावू लागला. मास्तर कापडं बिघडवत राहिले, खापर तिच्या माथी फुटत राहिलं, गिऱ्हाइकं तुटत गेली. ती वीस वर्षं काजं करत बसली.

शेवटी मास्तरांनी अंथरूण धरलं. उशाखालून मला काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं. "घे. आता तू मास्तर."

तिची बोटं सांधेदुखीनं वाकली होती. तिचा अंगठा माझ्या कडीत शिरेना.

मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. "तो कोट मी बिघडवला होता गं."

"ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली. "हे मला नव्हे, त्या गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतंत."

चार दिवसांनी मास्तर गेले. दुकानात आता फक्त उसवलेलं शिवून मिळतं. मी भिंतीवर गंजत टांगलेली आहे.

मित्रांनो, मला तेल द्या, अशी विनंती मी करणार होते. पण ते राहू द्या. आज तुमचे हात कोवळे आहेत, एक दिवस तेही थरथरतील. तेव्हा शेजारी कोण उभं आहे ते बघा, आणि त्याची बोटं सरळ आहेत तोवरच हातातलं देऊन टाका.