पहिली फेरी

आकाशाला गवसणी घालायची ओढ माणसाला युगानुयुगांची आहे, आणि ती पुरी करायला वाघाचं काळीज लागतं. बुरोंडीचे बाळा मिस्त्री त्या सकाळी नेमक्या याच कामासाठी रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आले होते, आणि विमानाच्या पुढच्या चाकाला धरून उकिडवे बसले होते. चाक तपासतोय, असं त्यांनी सांगितलं होतं. खरं म्हणजे गुडघे उठू देत नव्हते.

"मामा, चाक कसं आहे?" सर्वेशने वाकून मोठ्यांदा विचारलं.

"गोल हाय," मिस्त्री म्हणाले.

सर्वेश हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. मोठ्या जहाजावर चीफ ऑफिसर. सहा महिने पाण्यावर, सहा महिने घरी. घरच्या महिन्यांत काय करायचं हे न कळून त्याने दोन सुट्ट्या खर्ची घातल्या आणि विमान चालवायचं खासगी लायसन काढलं. आता लायसन आहे तर विमान हवं, म्हणून गावातली मुलं जुनी बुलेट शोधतात तसा तो वर्षभर जुनं विमान शोधत होता. ते शेवटी घरच्या जिल्ह्यातच निघालं. आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या गुरुप्रसादशेटनी कधीकाळी हौसेने कातळ सपाट करून धावपट्टी केली होती आणि सन एकोणऐंशीचं, दोन खुर्च्यांचं, एका इंजिनाचं विमान आणून ठेवलं होतं. बायपास झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर राहायला सांगितलं होतं. विमान विकायचं होतं.

मुंबईहून रीतसर इंजिनियर येऊन कागद पाहून गेला होता. कागद उत्तम होते. पण बुरोंडीत जुनं इंजिन कागदावर कोणी घेत नाही. बाळा मिस्त्रींना बोलावतात. मिस्त्री इंजिन चालू करायला लावतात, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. मग म्हणतात, "गोड हाय," नाही तर, "कडू हाय." गोड म्हटलं की नारळ फुटतो, आणि ज्याने गोड म्हटलं त्याने त्या होडीच्या पहिल्या फेरीला आत बसायचं. हा नियम मिस्त्रींच्या बापाने घातला होता. तेव्हापासून बुरोंडीचे मिस्त्री लोक फार सत्यवचनी झाले होते.

अडचण एवढीच होती, की मिस्त्रींचा उजवा कान तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांना कान लावल्याची ती पेन्शन होती. गावात कोणाला कळलं नव्हतं, कारण मच्छीमारांच्या गावात सगळेच ओरडून बोलतात. ठाऊक होतं ते फक्त मथुरेला, म्हणजे त्यांच्या बायकोला. आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, "अवो, सांगून टाका पोराला. होडी बंद पडली तर वल्हां मारून येतील. इमान बंद पडलां तर काय मारतील?"

"बगतो," मिस्त्री म्हणाले होते. ते अजून बघतच होते.

"मिस्त्री, आता वरचं बघा की," गुरुप्रसादशेट जवळ येऊन मोठ्याने म्हणाले. "चाकं काय, ती बैलगाडीलाही असतात."

मिस्त्री उठले. इंजिनाचं ऑइल त्यांनी बोटांवर घेतलं, अंगठ्याने चोळलं. कचकच लागली नाही. सर्वेशने पंखाखालून थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून दाखवलं, निळंशार. पाणी उतरलेलं नव्हतं. मिस्त्रींनी त्याचा वास घेतला. इथवर सगळं ठीक चाललं होतं. बोटं आणि नाक अजून नोकरीत होती.

मग सर्वेशने त्यांना आत, उजवीकडच्या खुर्चीत बसवलं आणि इंजिन चालू केलं. समोरचा पंखा दिसेनासा झाला. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक समोरच्या पत्र्याला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

काहीच नाही. खोल विहिरीत बुडी मारावी तसं गच्च, बंद. पत्र्याला लावलेला तळहात थरथरत होता खरा, पण मिस्त्री स्वतःच नखशिखांत थरथरत होते. त्यात इंजिनाची थरथर किती आणि आपली किती, हे त्यांना वेगळं काढता येईना. त्यांनी दुसरा कान लावला. तिथेही तीच विहीर.

डोळे उघडले तर सर्वेश त्यांच्याकडे बघत होता. बाहेर पंखापाशी शेट हात जोडून उभे होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे. सांगावं. आत्ता सांगावं. चाळीस वर्षांत कोणी त्यांच्या शब्दावर दुसरा शब्द विचारला नव्हता.

"गोड हाय," त्यांच्या तोंडाने सांगितलं.

सर्वेशने दात काढले, पलीकडे हात टाकून त्यांचा पट्टा आवळला आणि कानाशी येऊन ओरडला, "चला मग! पहिली फेरी!"

"आत्ता?"

"नियम तुमच्याच घरचा ना, मामा!"

"भरती बगून गेलेलां बरां, रे."

"मामा, इथे भरती नसते!"

त्याने मिस्त्रींच्या डोक्यावर मऊ गाद्यांची एक जोडी चढवली. दोन्ही कान झाकले गेले, ओठांपुढे काजूच्या बोंडूएवढा माइक आला. विमान धावू लागलं. कातळ धावला, गवत धावलं, शेटचा रसाचा कारखाना धावला, आणि मग सडा एकदम संपला.

सडा जिथे संपतो तिथे खाली समुद्र असतो, हे मिस्त्रींना जन्मापासून ठाऊक होतं. पण समुद्र आजवर नेहमी त्यांच्या कमरेच्या आसपास असायचा. आता तो इतका खाली गेला होता, की त्यावरच्या होड्या सांडलेल्या तांदळासारख्या दिसत होत्या. समोरचा पत्रा त्यांनी असा धरला होता, जणू तो सोडला तर विमान पडेल. आपण खोटं बोललो, ते आपल्याला इथे घेऊन आलं, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. बापाने नियम नेमका कशासाठी घातला होता तेही कळलं. आता पंखा कुठल्याही क्षणी थांबेल, आणि थांबलेला आपल्याला ऐकूसुद्धा येणार नाही. म्हणून ते पापणी न हलवता पंख्याकडे बघत राहिले.

"मामा."

मिस्त्री दचकले. आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा होता, धुतल्यासारखा स्वच्छ. तीन वर्षांत पहिल्यांदा माणसाचं बोलणं शब्द न् शब्द त्यांच्या कानात पडलं होतं.

"मामा, बरं झालं तुम्ही आलात. वेदिका तयारच नव्हती. म्हणे, जुन्या डब्यात मी दिशाला बसू देणार नाही. मी म्हटलं, मामांनी पास केलं तर? मग म्हणाली, मामा म्हणतील तसं. येत्या रविवारी दिशाचा वाढदिवस आहे. तुमच्या खुर्चीत तिला बसवून फिरवून आणतो."

वेदिका ही सर्वेशची बायको, आणि त्यांची दिशा सात वर्षांची होणार होती. तिचे पाय या खुर्चीतून खाली टेकलेही नसते.

मिस्त्रींना आपल्या मरणाची भीती वाटत होती ती एकदम लहानशी झाली, आणि तिच्या जागी दुसरी आली. ती गुडघ्यांत नव्हती, छातीत होती. तोंड उघडलं. पण भर पाण्यात होडी हाकणाऱ्या तांडेलाला घाबरवू नये, हे त्यांना समुद्राने शिकवलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"उतरव," एवढंच म्हणाले. "सावकाश उतरव, बाबा."

चाकं कातळाला लागली, विमान दोनदा उसळलं, मग शहाण्यासारखं चालत जाऊन उभं राहिलं. पंखा थांबला. सर्वेश आपल्या कानांवरच्या गाद्या काढायला गेला, तसं मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"काढू नको. ह्याच्यातनं मला ऐकू येतां."

"म्हणजे?"

"म्हणजे येरवी नाय येत."

"कधीपासून?"

"तीन वर्सां झाली."

"मग मगाशी गोड म्हणालात ते?"

"सवयीनं." मिस्त्री समोरच्या काचेतून बघत बोलत होते. "मला कायपण ऐकू आलां नाय. हाताला थरथर लागली. ती इंजिनाची का माझी, देवाला ठाऊक. पोरीला बसवू नको. तूपण बसू नको. त्या मुंबईवाल्याला सांग, कागद बास झाले, चारीच्या चारी सिलिंडर खोल. खोलून बग म्हणावं."

सर्वेशने आपलं मनगट सोडवून घेतलं नाही.

"मामा, हे मी गावात कोणाला..."

"तू नको. मी सांगतो. ह्या तीन वर्सांत सात होड्यांना गोड म्हटलांय. सात घरी जावाचां हाय. उद्यापास्नं सुरू करतो." मग ते म्हणाले, "त्यातली नितेशची होडी लांब जाते. त्याच्याकडं आज सांजचा जाईन."

तेवढ्यात पंखाखालून वाकत गुरुप्रसादशेट आले. एका हातात सोललेला नारळ, चेहऱ्यावर वरातीतला आनंद. त्यांनी सर्वेशच्या बाजूचं दार उघडलं. "काय, कसं आहे आमचं पाखरू? फोडू ना?"

"थांबा, शेट," सर्वेश म्हणाला. "इंजिन पूर्ण खोलून बघतो. मग ठरवू."

"मिस्त्री गोड म्हणाले ना पण?"

प्रश्न सर्वेशच्या माइकातून मिस्त्रींपर्यंत पोचला. "मीच चुकलो, शेट," ते म्हणाले.

शेट नारळाकडे बघू लागले. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी कानांवरच्या गाद्या हळू काढल्या. शेटचे ओठ हलत होते, पण त्यांना आता काही कळत नव्हतं. त्यांनी ती जोडी उलटसुलट करून पाहिली, वायर कुठे जाते ते बोटाने चाचपलं, आणि मग सर्वेशच्या पुढून वाकून शेटसमोर धरली.

"शेट, इमानाचां काय तां भाचा बगील. ही जोडी तेवढी सुटी द्याल काय?"