विहिरीचा सोनेरी दोर

गावाला मानचिन्ह हवं, अशी हुक्की फ्रान्समधल्या ओब्रेसॉलच्या मेयरला, फिर्मांला आली. शेजारच्या गावाच्या ढालीवर अस्वल आहे आणि आपल्याकडे साधी ढालही नाही, हे त्याला फार दिवस खुपत होतं. मग शाळेतल्या तिसोमास्तरांनी कागदावर ढाल काढली. निळ्यावर रुपेरी विहीर, आणि तिच्यात सोडलेला सोनेरी दोर. ग्रामसभेत त्यांनी अर्थही सांगितला. निळा म्हणजे इमान, दोर म्हणजे गावाची एकी, आणि विहीर म्हणजे आपलं निर्मळ पाणी.

निर्मळ म्हणे! लेओंतीन मागच्या बाकावरून ऐकत होती. तिच्या धाकट्या बहिणीला, झेलीला, त्याच विहिरीतून बाहेर काढलं होतं. बावीस वर्षं झाली. महायुद्धात गाव बळकावून बसलेले जर्मन सोडून गेले, त्या आठवड्यातली गोष्ट. झेलीनं त्यांच्या शिपायांचे कपडे धुतले, एवढाच तिचा गुन्हा. गावच्या पोरांनी तिला चौकात खुर्चीवर बसवून भादरलं. मेंढ्यांची कात्री फिर्मांच्या हातात होती. जर्मन होते तोवर हाच बहाद्दर त्यांना अंडी पोचवत होता, पण ते बोलणार कोण? धुण्याच्या बदल्यात मिळालेला पाव लेओंतीननंही खाल्ला होता. तरी त्या दिवशी ती खिडकीआड उभी राहिली, बहिणीसाठी बाहेर पडली नाही. त्याची लाज तिला अजून जाळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी झेली विहिरीत सापडली. दप्तरी नोंद झाली, पाय घसरला.

लेओंतीन सभेत उठली. "विहीर खुशाल ठेवा. पण तिच्या काठावर झेलीच्या नावाचा एक दगड बसवा. दुसरं काही मागत नाही."

"पाय घसरलेल्यांचे दगड बसवत सुटलो, तर चालायला वाट उरायची नाही," फिर्मां म्हणाला. दोघंतिघं हसले. "जुनं उकरू नकोस गं. त्यापेक्षा सणाच्या नव्या निशाणावर ही ढाल तू रेशमानं भरून दे. तुझ्यासारखा हात पंचक्रोशीत नाही."

"देते," ती म्हणाली. लोकांना वाटलं, बाई नरमली.

चर्चची वस्त्रं भरण्यात तिची हयात गेली होती. विहीर तिनं रुपेरी रेशमानं भरली. दोरापाशी आल्यावर मात्र तिनं कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. आत झेलीची वेणी होती. सगळे पांगल्यावर चौकातून उचलून आणलेली, पिकल्या गव्हाच्या रंगाची. एकेक केस सुईत ओवत तिनं तीन आठवडे दोर भरला. डोळे अधू झाले, पण टाका चुकला नाही.

गावच्या संताच्या सणाला निशाणाची मिरवणूक निघायची, आणि उचलण्याआधी मेयरनं निशाणाला ओठ लावायचे, असा जुना रिवाज. चौकात अख्खं गाव जमलं. फिर्मांनं दोरावरून बोट फिरवलं. "काय मऊ आहे गं! हे रेशीम कुठून मागवलंस?"

"मागवलं नाही," लेओंतीन फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "तूच कापून दिलंस. इथंच, या चौकात."

फिर्मांचं बोट जागच्या जागी थांबलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आत्ता सगळ्यांसमोर तिचं नाव घे, काय केलंस ते सांग. म्हणजे ओठ लावावे लागणार नाहीत. नाहीतर लाव."

बँडवाल्यांनी सुरुवातीची धून वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली. लोक चुळबुळायला लागले. आता बोलेल, असं लेओंतीनला खरोखर वाटलं.

फिर्मां वाकला. डोळे मिटून त्यानं दोरावर ओठ टेकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा हात तोंड पुसायला वर गेला, पण सगळे बघत होते, म्हणून तो तसाच खाली आला. मग निशाण खांद्यावर घेऊन तो विहिरीच्या बाजूनं चालायला लागला, आणि गाव त्याच्यामागून गेलं.

लेओंतीन चौकात एकटीच उरली. तिच्याकडे झेलीचं एवढंच शिल्लक होतं, आणि आता तेही गावाचं झालं होतं.