डिपची काठी

“आता जगाचे सरळ दोन भाग होनार. ज्यांच्याकडं तेल हाय ते एकीकडं, आन् ज्यांच्याकडं न्हाय ते दुसरीकडं. मधलं कुनी शिल्लक ऱ्हानार न्हाय!”

येडू तात्यांनी हे जाहीर केलं तेव्हा शनिवारची सकाळ होती, सहा वाजले होते आणि तात्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी गल्लीतल्या कुत्र्यानं नेली होती.

“मग आपन कुनीकडं?” कस्तुराबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

तात्यांनी अंगणातल्या स्कूटरची सीट उचलली, टाकीचं झाकण फिरवलं, आत खुणा केलेली लाकडी काठी सोडली आणि वर काढली. काठी डोळ्यांजवळ नेली. आणखी जवळ नेली. नाकाला लागली तेव्हा थांबले.

“आपल्याकडं चार लिटर हाय.”

“म्हंजे अमेरिकेच्या खालोखाल,” कस्तुराबाई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली. एरवी असलं काही बोलली की ती बाहेर डोकावून तात्यांचं तोंड बघायची. त्या दिवशी डोकावली नाही. तात्यांच्या हे लक्षात आलं, पण ते दुसऱ्या दिवशी.

तिकडं समुद्रात होर्मुझ नावाच्या एका चिंचोळ्या वाटेवर कुणीतरी कुणाची तरी जहाजं अडवून धरली होती, आणि म्हणून इकडं सोलापुरात होटगी रोडच्या पंपावर ‘एका गाडीला एक लिटर’ अशी पाटी लागली होती. कॅनमध्ये मिळणार नाही, गाडी आणून दाखवा. तात्यांनी सलग चार दिवस गाडी आणून दाखवली. पेट्रोल आणायला पेट्रोल जाळायचं हे काही त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून ते स्कूटर ढकलत न्यायचे आणि ढकलतच आणायचे. रांगेतल्या एकानं विचारलं, “बंद पडली का काय, तात्या?”

“बंद कशानं पडंल?” तात्या म्हणाले. “चालूच केली न्हाय.”

चार लिटर कशाला, तर पंढरपूरच्या पुढं करकंबला जायला दोन आणि यायला दोन. करकंबला तात्यांची थोरली बहीण होती, सोजराक्का. आई गेली तेव्हा येडू दीड वर्षाचा आणि आक्का बारा वर्षांची. बाप मेंढरं घेऊन मुलखावर. आक्कानं भावाला पाठीला बांधलं आणि मेंढरांमागं हिंडत वाढवलं. आता ती ऐंशीची, तात्या एकोणसत्तरचे. त्यांना ‘येड्या’ अशी हाक मारणारं तेवढंच एक माणूस जगात उरलं होतं.

तीन वर्षांपासून आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मागच्या भाऊबीजेला तिनं निम्मं तात्यांना ओवाळलं आणि निम्मं शेजारच्या खांबाला. अखेर शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तिचा फोन आला. “येड्या, रविवारी धा वाजता पट्टी सुटनार. पैलं तोंड तुजं दिसाया पायजे बग. बाकीची मग हायतच जल्माची.”

“येतो की,” तात्या म्हणाले होते. तात्यांचं ‘येतो’ म्हणजे येतो.

चौतीस वर्षं त्यांनी एसटीच्या डेपोत डिझेल भरलं. रोज पहाटे जमिनीखालच्या टाकीत लांबलचक काठी सोडायची, ओल किती चढली ते बघायचं आणि वहीत लिहायचं. त्याला डिप घेणं म्हणायचे. चौतीस वर्षांत एक लिटर इकडचं तिकडं झालं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला. तात्या साहेबांना म्हणाले, ती मोडकी डिपची काठी टाकून देणार असाल तर मला द्या. शाल एका हिवाळ्यात विरली, नारळाची चटणी झाली. काठी राहिली. तिच्या तुकड्यावर नव्या खुणा करून ते रोज स्कूटरची टाकी मोजायचे. सोलापुरात पाणी पाच दिवसांआड येतं, तेव्हा गच्चीवरची पाण्याची टाकीही मोजायचे. कस्तुराबाईनं एकदा आमटीचं पातेलं पुढं केलं होतं, ते मात्र त्यांनी रागानं नाकारलं.

घरात त्यांची एक गोष्ट ठरलेली होती. एकदा एका टँकरवाल्यानं वाटेत डिझेल काढून विकलं आणि तेवढंच पाणी वरून ओतून टँकर डेपोत आणला. काठीवर माप बरोबर! सगळे फसले, तात्या सोडून. ही गोष्ट मुलगा अजिनाथनं लहानपणापासून दीडेकशे वेळा ऐकली होती. म्हणजे सुरुवात ऐकली होती. ‘सगळे फसले’ इथपर्यंत आलं की तो उठून जायचा.

अजिनाथ आता अडतीसचा होता. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आणि उरलेल्या वेळात भाऊसाहेबांचा कार्यकर्ता. खरं म्हणजे भाऊसाहेबांचा कार्यकर्ता आणि उरलेल्या वेळात सुपरवायझर. भाऊसाहेब हे बडे पुढारी, आणि तात्यांनाही ते प्रिय होते. घरात बिरोबाच्या फोटोशेजारी भाऊसाहेबांचं कॅलेंडर होतं, आणि फुलं दोघांना सारखीच मिळायची. गेल्या आठवड्यात भाऊसाहेबांनी जाहीर केलं होतं की या संकटात एकेक थेंब वाचवणं हीच देशसेवा. तात्यांनी ते पेपरातलं कात्रण स्कूटरच्या डिकीत ठेवलं.

तर रविवार उजाडला. तात्यांनी अंघोळ केली, धुवट पांढरा सदरा घातला आणि गुलाबी फेटा बांधला. आक्काच्या लग्नात बापानं, म्हणजे दादांनी, असाच बांधला होता, त्यामुळं नवीन डोळ्याला ओळखायला सोपं जाईल असा त्यांचा अंदाज. कस्तुराबाईनं शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकरीची चळत फडक्यात बांधून ठेवली होती. ती बांधताना तिनं तीनदा विचारलं, “जायलाच पायजे का?”

निघण्याआधी डिप. आणि रविवार म्हणजे पेस्टचा दिवस. डेपोत काठीच्या टोकाला एक पिवळी पेस्ट लावायचे. तेलात ती पिवळीच राहते, पाणी लागलं की लाल होते. तळाशी पाणी असेल तर लपत नाही. तिची एक चपटी झालेली ट्यूब तात्यांकडं होती. संशय म्हणून नव्हे, रविवार म्हणून ते ती वापरायचे. लोक उपास करतात तसं.

काठी आत गेली, बाहेर आली. माप चार लिटर. आणि टोकापासून वर चांगली तीन लिटरच्या खुणेपर्यंत काठी लालभडक. त्याच्या वर पेस्ट पिवळीच.

तात्यांनी ती पुसली. पुन्हा पेस्ट लावली. पुन्हा लाल.

अजिनाथ तेव्हा फाटकाशी आपल्या मोटारसायकलला झेंडा बांधत होता. आठ वाजता रॅली होती. ‘इंधन वाचवा’ हा संदेश घरोघरी पोचवण्यासाठी भाऊसाहेबांनी काढलेली, पाचशे मोटारसायकलींची.

“अजिनाथ,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “टाकीत पानी कसं आलं?”

“पानी? पावसाचं गेलं आसंल.”

“पाऊस तीन लिटर मोजून पडतो व्हय?”

अजिनाथ झेंड्याच्या गाठीकडं बघत राहिला. मग एकदम बोलायला लागला. “तात्या, हरेक वार्डानं पन्नास गाड्या आनायच्या, आसं भाऊसायबांचं फर्मान हाय. पोरांच्या टाक्या कोरड्या. पन्नास दिसल्या न्हाईत तर माजं नगरसेवकाचं तिकीट त्या शिवशरणला जातंय. सा वर्सं झेंडे बांधलेत मी. तीन लिटरच काढलं. परवा तुमी देवळात गेल्यावर.”

“पोरांच्या गाडीतलं दे काढून.”

“काल तालीम झाली न्हाय का रॅलीची. निम्मं तितं संपलं, उरलेलं धा गाड्यांत वाटलं.”

तात्यांनी काठी पुन्हा पुसली. बहुधा रॅलीची तालीम करून वाचवलेलं इंधन किती, याचा ते मनातल्या मनात अंदाज घेत असावेत.

“आन् वरून पानी वतायची आक्कल कुनी शिकवली?”

“तुमीच की,” अजिनाथ म्हणाला. “त्यो टँकरवाला.”

“त्यो टँकरवाला सापडला व्हता!” तात्यांचा आवाज आता पहिल्यांदा चढला. “कसा सापडला ते म्या दर टायमाला सांगितलं. तू कवा गोष्ट शेवटपर्यंत ऐकली न्हाईस!”

अजिनाथ गाडीवर बसला. किक मारली, आणि गाडी लगेच चालू झाली, याचं तात्यांना जास्त लागलं. तो गेल्यावर ते दारातल्या कस्तुराबाईकडं वळले.

“बगितलंस? पोटचं पोरगं! एकट्यानं हे समदं...”

“एकट्यानं न्हाय,” कस्तुराबाई म्हणाली. “नरसाळं मी धरलं व्हतं.”

अंगणात नळाला लावलेल्या बादलीत पाण्याचा थेंब पडला तो ऐकू आला.

“मागल्या म्हैन्यात सात रस्त्याच्या चौकात तुमी म्हशीला रामराम घातला, मानसिंग समजून,” ती म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. “रिक्षावाला हसत व्हता. पंच्याऐंशी किलोमीटर, तुमी, त्या डोळ्यांनी, त्या हायवेला. दवाखान्यात चला म्हनलं की म्हनता, मला समदं दिसतंय. मी सांगून तुमी ऐकलं असतं का? अजिनाथ पेट्रोल मागाय आला, म्हनलं, ने बाबा. पन रेघ खाली जाऊ देऊ नगंस, न्हाईतर त्ये पाचव्यांदा स्कूटर ढकलत जातील.”

“मंजी पानी तू सुचवलंस.”

“पानी त्यानं. रेघ मी.”

विभागणी अगदी सरळ झाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तात्यांनी कस्तुराबाईला पगार उघडा करून दाखवला होता, टाकीतलं माप रोज मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आणि काल सकाळी ती भाकरी उलटत ‘अमेरिकेच्या खालोखाल’ म्हणाली, तेव्हा तिला ठाऊक होतं की टाकीत तीन लिटर नळाचं पाणी आहे.

त्यांनी डेपोतल्या मानसिंगला फोन लावला. म्हशीशी ज्याची गल्लत झाली तोच हा मानसिंग. त्याला ते सांगितलेलं नव्हतं. “पंढरपूरची गाडी कितीला हाय रं? पुढं मी बगतो.”

“आज न्हाय तात्या,” मानसिंग म्हणाला. “डिझेल न्हाय म्हनून निम्म्या बंद. निम्म्या हायत, त्या मेळाव्याला बुक झाल्यात.”

“कसला मेळावा?”

“इंधन बचतीचा. भाऊसायबांचा.”

तात्यांनी फोन ठेवला. आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, फाडायला म्हणून. पण त्याच्यावर गॅस सिलिंडर कधी लावला त्याच्या खुणा होत्या, म्हणून पुन्हा टांगलं. फक्त भाऊसाहेबांपुढचं फूल उचलून बिरोबापुढं ठेवलं. मग खडूचा तुकडा शोधून त्यांनी स्कूटरच्या पाठीवर, डेपोत नादुरुस्त एसटीवर लिहीत तसं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘गाडी बंद’. आणि पायरीवर बसून राहिले. फेटा काढला नाही. भाकरीचं फडकं शेजारी तसंच बांधलेलं होतं. कस्तुराबाई दोनदा चहा घेऊन आली आणि दोनदा घेऊन गेली.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. करकंबहून आक्काची नातसून सोनाली. “आजोबा, व्हिडिओ लावलाय. हिरवं बटन दाबा. आजींना तुमाला बगायचंय.”

तात्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला, डिपची काठी धरतात तसा, उभा आणि घट्ट. पडद्यावर आक्का होती. एक डोळा लाल, ओला आणि उघडा. तो पडद्यात काहीतरी शोधत होता.

“येड्या, आला न्हाईस?”

“न्हाय आक्का.”

“म्या लई येळ डोळा मिटूनच ठिवला. नर्सबाई म्हनती उघडा आजी, उघडा. म्हनलं, थांब की बाई, भाऊ येतोय माजा. शेवटी ती वरडली, मग उघडला. समोर भिंतीला ह्यो मोठा कागद. शिबीर भरवलं त्या भाऊसायबाचा. हात जोडून हसतंय मेलं. पैलं तोंड त्याचं बगितलं.”

गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजायला लागले. पाचशे मोटारसायकली एका दमात ‘थेंब थेंब वाचवा’ म्हणत येत होत्या, आणि त्यांत कुठंतरी तात्यांच्या तीन लिटरांतलं उरलंसुरलं होतं. दारात कस्तुराबाई उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

“का आला न्हाईस रं?” आक्कानं विचारलं.

तात्यांनी दाराकडं बघितलं. मग फोनकडं. चौतीस वर्षांत ज्या माणसानं वहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता, तो माणूस घसा खाकरून म्हणाला, “पेट्रोलच मिळालं न्हाय बग, आक्का. लई फिरलो. तिकडं समुद्रात जहाजं अडवल्यात म्हनं. साऱ्या जगात टंचाई हाय. आपल्या हातात काय हाय?”

कस्तुराबाई दारातून आत गेली.

“व्हय, सोनाली सांगत व्हती,” आक्का म्हणाली. “मोठमोठी मान्सं भांडत्यात. त्येला तू तरी काय करनार.”

“पन मी येनार व्हतो, आक्का. आईच्यान. फेटासुदिक बांधला व्हता, दादांसारका. तुला सांगतो, आज मानसाचा मानसावर...”

आता ते जगाविषयी काहीतरी फार मोठं बोलणार, असा रंग दिसू लागला.

“येड्या, त्ये समदं ऱ्हाऊ दे,” आक्का म्हणाली. “तेवढा फोन जरा खाली घे की. नुसता फेटाच दिसतोय.”