पॅसेजवरचा लाल गोल

चिमी हे नाव तिला लहानपणी पडलं. पुढे ती वाढत वाढत दादाच्याही डोक्यावर गेली, पण नाव काही वाढलं नाही. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला घरात चिमी म्हणतात हे ऐकून लोक हसायचे आणि ती त्यांच्याआधीच हसून घ्यायची. बालवाडीत शिकवत होती. बालवाडी बंद पडली तेव्हा मात्र ते हसू मावळलं. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीत कोण किती वाजता कपडे वाळत घालतं हे तिला तोंडपाठ झालं. वहिनीनं ते काही दिवस पाहिलं आणि एका सकाळी तिच्या अंगावरची चादर ओढली.

"ऊठ, आवर. माझ्या ऑफिसात चल. रेघा मारायला शिकवते."

"बालवाडीत रेघाच तर शिकवत होते मी."

"त्या रेघांवर कुणी दुकान बांधत नव्हतं. चल."

वहिनी ज्या ऑफिसात होती तिथे फक्त धंद्याच्या इमारतींची ड्रॉइंगं व्हायची. खाली दुकानं, वर कचेऱ्या, कधी एखादं शोरूम, कधी गोदाम. ऑफिसचे मालक म्हणजे सर. ते कल्पना काढायचे आणि ती कल्पना गवंड्याला वाचता येईल अशी कागदावर उतरवायचं काम वहिनी आणि तिच्या हाताखालच्या मंडळींचं. सर वहिनीला मॅडम म्हणत. चिमी तिथे आली, वहिनी वहिनी करत तिच्यामागे फिरायला लागली, आणि महिन्याभरात अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं. वहिनीपेक्षा वयानं मोठा असलेला प्रिंटवालासुद्धा.

सुरुवातीला चिमीच्या नाकी नऊ आले. प्लॅन म्हणजे काय हेच डोक्यात शिरेना. शेवटी वहिनीनं घरून बुटाचं खोकं आणलं, कटरनं आडवं मधोमध कापलं आणि वरचा भाग बाजूला ठेवला. "आता वरून बघ. जे कापलं गेलं ते जाड रेघेनं काढ. जे नुसतं खाली दिसतंय ते बारीक रेघेनं. एवढंच." एवढंच नव्हतं, पण चिमीला त्या दिवशी पहिल्यांदा भिंत दिसली. मग दारं आली, जिने आले. तिच्या पहिल्या जिन्याला चढायला पायऱ्या होत्या, पोचायला मजलाच नव्हता. वहिनी हसता हसता खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. चिमी रडकुंडीला आली, तशी वहिनी म्हणाली, "अगं, माझा पहिला जिना संडासात उतरला होता. काढ परत."

एका गोष्टीत मात्र वहिनीला चेष्टा चालत नसे. कॉम्प्युटरवर दोन रेघांमधलं माप लिहावं लागत नाही, रेघ जेवढी असेल तेवढा आकडा आपोआप येतो. पण त्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की तो पुसून आपल्याला हवा तो आकडा टाइप करता येतो. रेघ तिथेच राहते, फक्त आकडा बदलतो. "हे कधी म्हणजे कधी करायचं नाही," वहिनीनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "आकडा चुकीचा वाटला तर रेघ हलव. साइटवरचा माणूस आकडा वाचतो आणि बांधतो. आपल्यावर विश्वास ठेवून बांधतो." चिमीनं मान डोलावली होती.

तपासायची पद्धतही ठरलेली. ड्रॉइंग झालं की प्रिंट वहिनीकडे जायचा. ती पट्टी लावून एकेक माप मोजायची आणि चूक दिसली की लाल पेन्सिलनं गोल करायची. ते गोल बघून दुरुस्त्या करायच्या, मग लाल प्रिंट फाडून टाकायचा, म्हणजे जुना कागद चुकून साइटवर जाणार नाही. दुरुस्त केलेलं ड्रॉइंग वहिनी परत बघायची आणि मगच कोपऱ्यातल्या चौकटीत सही करायची.

वर्षभरानंतर चिमीला अख्खा तळमजला एकटीनं काढायला मिळाला. पुढे ओळीनं दुकानं, दुकानांच्या मागे पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला जिन्याचं दार. प्रिंट तपासून आला तेव्हा त्यावर बरेच गोल होते, त्यातला एक पॅसेजवर. शेजारी वहिनीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'अरुंद. दार उघडणार नाही. दुकानाची भिंत पुढे घे.'

तो नेमका धांदलीचा दिवस. साइटवरचा सुपरवायझर प्रिंट न्यायला येऊन बसला होता आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघून चिमीकडे बघत होता. चिमीनं भराभर सगळे गोल निस्तरले. पॅसेजची भिंत हलवायला गेली तर भिंतीबरोबर फरशी विस्कटली, दुकानामागचं बेसिन हवेत लटकलं आणि बाजूच्या दुकानाची सगळी मापं उधळली. तिनं ते परत होतं तसं केलं. पुन्हा हलवलं, पुन्हा तेच. सुपरवायझर खाकरला. चिमीनं आकड्यावर दोनदा क्लिक केलं आणि जो हवा होता तो टाइप केला. नंतर सवडीनं भिंत हलवू, तिनं स्वतःला सांगितलं.

वहिनी पर्स खांद्याला लावून उभी होती. त्या दिवशी तिला लवकर निघायचं होतं.

"सगळे गोल झाले?"

"झाले."

वहिनीनं खुर्चीत न बसताच सही केली. चिमीच्या शब्दावर केली. चिमीनं लाल प्रिंट फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. नंतरची सवड काही आली नाही. खरं सांगायचं तर सवड आली होती, चिमीच त्या फाइलकडे फिरकली नाही.

भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर झालं, फरशी बसली. मग जिन्याचं दार लावलं आणि ते अर्ध्यात भिंतीला अडलं. गवंड्यानं दुकानं पुढून मोजत आणली होती, कागदावरच्या मापानं. मागे उरला तो पॅसेज कागदावर रुंद होता आणि जागेवर अरुंद.

सरांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पट्टी लावली, आकडा बघितला, दोन्ही जुळेनात. नवशिक्याच्या हातून चूक होणारच, ती पकडायची ती तपासणाऱ्यानं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली सही बघितली. "मॅडम, तुमच्या हातून?" एवढंच म्हणाले.

वहिनीचा चेहरा पडला. "मी इथे गोल केला होता," ती हळूच म्हणाली. मग चिमीकडे वळली. "केला होता ना गं? पॅसेजवर?"

सगळे चिमीकडे बघायला लागले. खरं सांगायला एक शब्द पुरला असता आणि तो तिच्या जिभेवर होतासुद्धा.

"पॅसेजवर नव्हता बहुतेक, वहिनी."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. संशयानं नव्हे. नकाशावर न सापडणारं गाव शोधावं तशी. मग सरांना म्हणाली, "माझ्याच नजरेतून सुटलं असणार."

त्या दिवसापासून चिमीला घास गोड लागेना. घरात ती पदर खोचून कामाला लागली. वहिनीच्या आधी उठायची, डबे भरायची, भांडी घासायची, वहिनीच्या चपला पुसून ठेवायची. दादा म्हणाला, "आमच्या चिमीला सुधरवलं कुणी? त्याचा सत्कार करू." वहिनी म्हणाली, "बिचारी माझ्यामुळे करतेय रे. मला बरं वाटावं म्हणून." चिमी भांडी घासत होती. नळ तिनं मोठा सोडला.

डोळ्यांचा भरवसा नाही म्हणत वहिनीनं स्कूटर चालवणं बंद केलं. दोघी बसनं जायला लागल्या. रस्ता ओलांडताना वहिनी चिमीचं कोपर धरायची. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला चिमीला हाक मारायची. पुस्तक लांब धरून, जवळ धरून बघायची. ऑफिसात एक माप पट्टीनं मोजायची, मग दुसरं, मग परत पहिलं. ज्या तपासणीला तिला तासभर लागायचा त्या तपासणीत सकाळची दुपार व्हायला लागली. इतकं डोळ्यांत तेल घालूनही शेवटी सही करताना तिचा हात थबकायचा. चिमीचं मन तिला खात होतं. दोनदा तिनं सांगायचं ठरवलं. एकदा तोंड उघडलं तेवढ्यात दादा टपकला. दुसऱ्यांदा कुणीच टपकलं नाही, तिला धीरच झाला नाही. सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ही बाई आपल्याला जीव लावते, आणि खरं कळल्यावर लावणार नाही.

मग वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. चिमी बरोबर होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं. चष्म्याचा नंबर थोडा बदललाय, बाकी डोळे ठणठणीत आहेत, असं ते म्हणाले. चिमीला हायसं वाटलं. घरी गेल्यावर वहिनी आता सावरेल, आपलं पाप आपोआप धुऊन निघेल, असंही वाटलं. बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"डोळे ठीक आहेत," ती म्हणाली. "मग डोकंच म्हणायचं."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"नाही गं. मला तो गोल दिसतोय अजून. शेजारी काय लिहिलं होतं तेही दिसतंय. दुकानाची भिंत पुढे घे. आणि तो तर नव्हताच." तिचा आवाज अगदी साधा होता. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. न घडलेल्या गोष्टी शपथेवर सांगायची. शेवटी शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कोण."

आत्ताच सांगायला हवं होतं. बसमध्ये माणसं होती, हे कारण तिला पुरलं. ते कारण किती पोकळ आहे हे तिलाच सगळ्यात चांगलं माहीत होतं, आणि तरी ती घर येईपर्यंत त्याला धरून बसली. त्या रात्री तिनं स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या दुसऱ्या कुणाला दिल्या असत्या तर पोलीस आले असते.

दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळीच सरांच्या टेबलापाशी गेली. ऑफिस छोटं, कुजबुजसुद्धा सगळ्यांना ऐकू यायची.

"सर, तपासायचं काम आता माझ्याकडे नको. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. नुसतं ड्रॉइंगला बसेन, तुम्ही म्हणाल तोवर." मग मागे वळून म्हणाली, "चिमीला द्या. नवी आहे, पण प्रामाणिक आहे. तिला मी तयार करते."

सरांनी चिमीकडे बघितलं. "काय, जमेल?"

चिमी उभी राहिली. "गोल होता," ती म्हणाली.

"कसला गोल?"

"पॅसेजवर. लाल. वहिनीनं केला होता. दुकानाची भिंत पुढे घे, असं लिहिलं पण होतं. मला भिंत हलवता आली नाही म्हणून मी आकडा टाइप केला. प्रिंट मी फाडला. वहिनी, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

प्रिंटवाल्यानं मशीन बंद केलं. सर काहीतरी बोलायला लागले, पण वहिनीनं हात वर केला आणि ते थांबले. ती बाहेर बेसिनपाशी गेली. पाणी बराच वेळ वाहत होतं. परत आली तेव्हा चेहरा ओला होता आणि चष्मा हातात. ती चिमीपाशी आली, शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. चिमीला वाटलं, आता एक थोबाडीत बसेल. बसली असती तर तिनं दुसरा गालही पुढे केला असता.

"आणखी कुठे टाइप केलंयस?" वहिनीनं विचारलं.

कुठेच नाही, असं म्हणायला चिमीनं तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा जमलं की हात सैल सुटतो. घाईच्या दिवसांत आणखी दोन-तीनदा झालं होतं. कुठे एखादं शटर, कुठे खांबाचं अंतर.

"आहे आणखी," ती म्हणाली. "नक्की कुठे ते सांगता येणार नाही."

"मग पहिल्या ड्रॉइंगपासून सगळं मोजायचं. दोघींनी. उघड."

चिमीनं फाइल उघडली. दोनदा चुकीची उघडली, मग बरोबर सापडली. वहिनीनं चष्मा पुसून लावला आणि स्क्रीनकडे बघितलं. चिमीकडे नाही.

"सकाळी जाग आली ना, की रोज पडल्या पडल्या तुमची सगळ्यांची नावं म्हणून बघायचे मी," ती म्हणाली. "आठवतात का म्हणून. सगळ्यात आधी तुझं."

मग तिनं त्याच ड्रॉइंगचा प्रिंट पुढ्यात ओढला, पट्टी लावली आणि पहिल्या भिंतीचा स्क्रीनवरचा आकडा विचारला.