कंदासकट

मित्रांनो, मी एक वाळलेली वेल आहे. जाड पांढऱ्या कागदावर मला दोऱ्याने टाचले आहे. मोठ्या शहरातल्या वनस्पतिसंग्रहालयात, लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून असते. मी साधा नमुना नाही, 'मूळ नमुना' आहे. माझ्या जातीचे शास्त्रीय नाव ज्या एका झाडावर टेकलेले आहे, ते झाड मी.

माझा जन्म नरसीच्या पलीकडच्या मुरमाड माळावर झाला. उन्हाळाभर मी जमिनीखाली कंद होऊन झोपत असे. पाऊस मुरला की वर यायचे, गवताचा आधार धरायचा आणि श्रावणात कंदिलासारखी फुले लावायची. फुलाच्या नळीत शिरलेली चिलटे आतल्या केसांमुळे कोंडली जात. दुसऱ्या दिवशी केस सुकले की ती पराग घेऊन सुटत. आमचा दुष्टपणा एवढाच. त्या माळावर आम्ही सहा जणी होतो.

मला शोधले शिलाने. जवळच्या तांड्यावरची ही मुलगी हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. कितीतरी दिवस तिने माझे फूल भिंगाखाली पाहिले, माहीत असलेल्या माझ्या सगळ्या कंदीलपुष्प बहिणींशी ताडून पाहिले, आणि एके दुपारी माळावर ओरडलीच, "याडी, ही वेल आजवर कुणालाच ठाऊक न्हाई!"

तिची याडी, म्हणजे आई नानीबाई, तिथेच शेळ्या राखत होत्या. "मंग? भाजी व्हती का तिची?"

"न्हाई गं. हिला नाव द्यायचंय. तुहं नाव देते."

"माह्या नावाचं गवत!" नानीबाई खळखळून हसल्या. "शेळीला सांग बरं, माह्यावर तोंड टाकू नको म्हणून."

मित्रांनो, शास्त्रात झाडाचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे साऱ्या बहिणींचा मिळून एक. दुसरा ज्याच्या त्याच्या जातीचा. शोधणारा त्यात स्वतःचे नाव घालत नाही, दुसऱ्याचे घालू शकतो. आणि जो आधी छापतो, त्याने दिलेले नाव टिकते.

शिलाचे मार्गदर्शक व्यंकटराव सर माळावर आले. "सगळ्या उपट," ते म्हणाले. "एकाच वेळी गोळा केलेले नमुने पाच-सहा संग्रहालयांना पाठवायचेत."

शिलाने माझ्याकडे बोट दाखवले. "सर, ही एक तरी राहू द्या. हिलाच शेंगा लागल्यात. बी अजून कोवळं आहे."

"शेंगा आहेत म्हणूनच ही पाहिजे. तू संशोधन करून राहिलीस का बागकाम? दुसऱ्यानं आधी छापलं, तर आईच्या नावाची वरात कुठं काढशील?"

शिलाने खुरपे घालून आम्हा सहाही जणींना उपटले. कंदासकट.

वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून आम्हाला लाकडी चौकटीत आवळले. बाकीच्या पाच जणी वाळल्या. माझ्या कंदात ओल होती. त्या ओलीच्या बळावर मी कागदाच्या अंधारात एक पांढरा कोंब काढला.

कागद बदलताना शिलाला तो दिसला. "सर, ही जिवंत आहे!" ती आनंदाने म्हणाली. "कंद कुंडीत लावते. वरची वेल नमुन्याला ठेवू."

"मूळ नमुना अर्धा पाठवतेस? लोक हसतील. कंदवाली झाडं अशीच चिवट असतात. उकळत्या पाण्यात बुडव, म्हणजे गप्प बसेल."

शिला बराच वेळ पातेल्याजवळ उभी होती. पाणी उकळून निम्मे झाले. मग तिने मला बुडवले. हात भाजू नये म्हणून चिमट्यात धरले होते.

पुढच्या पावसाळ्यात नाव छापून आले. लेखाच्या शेवटी एक वाक्य होते : ही जात अत्यंत दुर्मीळ असून तिचे तातडीने संरक्षण व्हावे.

मला शहरात पाठवण्याआधी नानीबाई कॉलेजात आल्या. चपलांना माळाचा चिखल होता. "माह्या नावाची वेल बघावं म्हणून सारा माळ पालथा घातला. कुठं हाय?"

शिलाने माझा कागद समोर ठेवला. नानीबाईंनी शेंगेवरून बोट फिरवले. "ह्यातलं बी पेरलं तर उगवंल?"

"न्हाई, याडी."

"काहून?"

शिलाने कागदाची कड सारखी केली. व्यंकटराव सरच हसून म्हणाले, "बाई, तुमचं नाव अमर झालं आता!"

"आमच्यात लेकरू जगावं म्हणून नाव ठेवत्यात, सायब. तुमी नाव ठेवायसाठी मारलं व्हय?" मग त्या लेकीकडे वळल्या. "माहं नाव काढून टाक तिच्यावरचं."

"एकदा छापलेलं नाव काढता येत न्हाई, याडी. मलाबी न्हाई."

नानीबाई निघून गेल्या. त्या दिवसापासून तांड्यावर कुणी वेलीचे हे नाव काढले की त्या उठून जातात, असे शिला मला शहरात पाठवायला बांधताना स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, माळावर अनोळखी फूल दिसले तर जरूर थांबा. वाका, चित्र काढा, फोटो घ्या. खुरपे काढण्याआधी मात्र आजूबाजूला आणखी किती आहेत ते पाहा. ते एकटेच असेल, तर त्याला तूर्त निनावी राहू द्या. नावाची घाई माणसाला असते, झाडाला नसते.